न झालेला रस्ता

वाळूवर तंबू ठोकून दोन रात्री काढल्याची हकिकत या पानावर कशाला, असा प्रश्न काही साथींच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. बेकारी, महागाई, शेतमालाचे भाव हे विषय बाजूला सारून एक निवृत्त प्राध्यापक अमेरिकेतल्या लेकीकडे गेला व समुद्राची हवा खाऊन परतला, यात कार्यकर्त्याने आपला वेळ का दवडावा? माझे उत्तर असे की, ज्या किनाऱ्यावर मी राहिलो तो कोणाचा, तेथे कोणी जावे, काय दाम मोजून जावे आणि तेथे पोहोचण्यासाठी लागणारा मोकळा वेळ माणसाने आणावयाचा कोठून, हे चारही प्रश्न अर्थकारणाचे आहेत. त्यांतला चौथा तर थेट कामगार चळवळीचा आहे. तेवीस-चोवीस वर्षे मी वर्गात ‘सार्वजनिक वस्तू’ हा पाठ फळ्यावर शिकवला; पण तिच्यावर पाठ टेकून झोपण्याचा योग निवृत्तीनंतरच आला.

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सिअॅटलहून बोटीने खाडी ओलांडून आम्ही पोर्ट एंजेलिस या गावी पोहोचलो. मुलगी, जावई आणि मी. ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत अन्न ठेवण्यासाठी प्लास्टिकचे जाडजूड पिंप दिले जाते. अस्वलाला किंवा रॅकूनला उघडता येणार नाही अशी त्याच्या झाकणाची रचना असते. पहिल्या रात्री ते मलाही उघडता आले नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. खिडकीपलीकडच्या कर्मचारी बाईंनी आमची नावे परवान्याशी ताडून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो ओहोटीचे वेळापत्रक जवळ आहे का, हा. ज्या कचेरीत पहिला प्रश्न समुद्राविषयी विचारला जातो, त्या कचेरीबद्दल कोकणात जन्मलेल्या माणसाचे मत चांगले व्हायला वेळ लागत नाही.

ओझेट नावाच्या मोठ्या तळ्याशी मोटारीचा रस्ता संपतो आणि फोनही मुका होतो. तेथून देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या टाकलेली पायवाट दाट, ओल्या जंगलातून तीनेक मैल जाते व केप अलाव्हा येथे एकदम समुद्रावर उघडते. तेथून दक्षिणेला किनाऱ्याने तीन मैल चालले की सँड पॉइंट, आणि तेथून पुन्हा तीनेक मैलांची दुसरी फळ्यांची वाट तळ्याकडे परत. पुष्कळ धट्टेकट्टे लोक हा नऊ मैलांचा त्रिकोण एका दिवसात पुरा करतात. पाठीवर तंबू, पथारी आणि ते पिंप घेतलेल्या साठी ओलांडलेल्या माणसाला तीन दिवस लागतात, आणि तेच योग्य आहे.

समुद्र पाहिला की मला आजोळ आठवते. तेथे वडीलधारी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ तोंडी सांगत. उधाण कधी आणि भांग कधी, यासाठी कोणी छापील कागद पाहत नसे. तोच हिशेब मी मोठ्या ऐटीत लेकीला सांगू लागलो आणि फसलो. या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन ओहोट्या एकसारख्या नसतात. एकीत पाणी पुष्कळ मागे जाते, दुसरीत जेमतेम. पुढे आलेल्या कातळाला वळसा घालण्याची वाट पहिल्या ओहोटीत मिळते, दुसरीत मिळेलच असे नाही. वेळ चुकली तर मागे पाणी, पुढे पाणी आणि वर कडा. जेथे वळसा कधीच मिळत नाही तेथे झाडावर लाल-काळ्या वर्तुळाची पाटी असते, आणि दोर धरून कड्यावर चढून पलीकडे उतरावे लागते. किनाऱ्यावर पुराने वाहून आणलेले, उन्हापावसात पांढरे पडलेले प्रचंड ओंडके एकावर एक पडलेले असतात. त्यांवर बसायला छान वाटते, पण मोठ्या लाटेने ते तरंगू लागले की माणसाला चिरडतात, अशी सूचना उद्यानाने लावली आहे. ओढ्यांचे पाणी चहाच्या रंगाचे आहे. झाडपाल्यातल्या टॅनिनमुळे तसे होते. ते गाळून प्यावयाचे. माणशी, रात्रीला ठरलेली फी भरलेल्यांनाच राहता येते, परवान्याची चिठ्ठी तंबूला बांधावी लागते, आणि आपला कचरा आपणच परत न्यावा लागतो. तिथे हॉटेल, दिवाबत्ती, चहाची टपरी यांतले काहीही नाही. टपरी नाही याचे मला दुसऱ्या दिवशी सकाळी मनापासून वाईट वाटले.

हे सारे आज असे आहे, कारण तेथे होणार असलेला एक रस्ता झाला नाही.

ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २९ जून १९३८ रोजी सही केली. किनाऱ्याच्या पट्ट्याची जमीन पुढे त्यांच्याच ‘न्यू डील’ कारभारातील सार्वजनिक बांधकाम प्रशासनाच्या निधीतून मिळवण्यात आली. त्यात काही खाजगी मालकांची जमीन त्यांच्या मर्जीविरुद्ध गेली, हेही लपवू नये. पद सोडण्यापूर्वी दोन आठवडे, जानेवारी १९५३ मध्ये, अध्यक्ष ट्रूमन यांनी हा पट्टा उद्यानात घातला. जमीन सरकारी झाली म्हणजे ती वाचली, असे मात्र नव्हे. लगेच मागणी पुढे आली की, किनाऱ्यालगत मोटाररस्ता काढावा. स्थानिक व्यापारी, मोटेलवाले आणि पर्यटनाचा धंदा वाढावा असे वाटणारी सर्व मंडळी एका बाजूला होती.

विरोध करणाऱ्यांत एक विलक्षण गृहस्थ होते. विल्यम डग्लस हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. याच वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी ते वाढले; १९३९ ते १९७५ अशी छत्तीस वर्षे ते त्या न्यायासनावर होते, आणि तो विक्रम आजही मोडलेला नाही. १९५४ मध्ये राजधानीजवळच्या जुन्या कालव्यावरून रस्ता नेण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी वृत्तपत्राच्या संपादकांना आपल्याबरोबर १८५ मैल पायी चालण्याचे आव्हान दिले होते. तोच मार्ग त्यांनी येथे अनुसरला. ऑगस्ट १९५८ मध्ये, वयाची साठी जवळ आली असता, सुमारे सत्तर लोकांना घेऊन ते केप अलाव्हापासून रिआल्टो किनाऱ्यापर्यंत बावीस मैल, तीन दिवस चालले. या पदयात्रेच्या उभारणीत पॉली डायर या स्थानिक कार्यकर्तीचा मोठा वाटा होता. चालणाऱ्यांत निसर्गरक्षणाच्या चळवळीतली नामवंत माणसे होती तसे वार्ताहरही होते. पदयात्रेचे राजकारण आपल्याला नवे नाही. तरीपण विद्यमान न्यायाधीशाने पाठीवर बोजा घेऊन सरकारी योजनेविरुद्ध चालावे, हे दृश्य आपल्याकडे कल्पनेत आणणेही कठीण आहे. त्यात न्यायासनाच्या अलिप्ततेचा भंग झाला काय, असा प्रश्न मला पडतो. मात्र पूर्ण उत्तर माझ्यापाशी नसले तरी रस्ता झाला नाही, याचा मला आनंदच आहे.

याच डग्लस यांनी १९७२ साली एका खटल्यातील आपल्या भिन्नमतपत्रात नद्या, दऱ्या, वृक्षराजी यांना स्वतःच्या वतीने न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार असावा असे मांडले. त्या यादीत समुद्रकिनारेही आहेत.

परंतु मला थांबावयाचे आहे ते वेगळ्या ठिकाणी. १९५८ ची पदयात्रा संपली तेथे रस्त्याचे समर्थक फलक घेऊन उभे होते. हे उद्यान आमचेही आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. आपल्या सहानुभूतीचा तराजू चटकन डग्लस यांच्याकडे झुकतो. मात्र समाजवाद्याने या दुसऱ्या बाजूचे म्हणणे टाळू नये. त्या द्वीपकल्पावर लाकूडतोडीवर पोट असलेली गावे होती. लाकडाला मंदी आली की ती उपाशी. रस्ता आला तर चार मोटेलांत, दोन पेट्रोलपंपांवर कामे निघतील, हा हिशेब काही मूर्खपणाचा नव्हता. दुसरा मुद्दा त्याहून बोचरा होता. चालून जाणे ज्याला जमते, ज्याच्याकडे तीन दिवस आहेत, ज्याचे गुडघे शाबूत आहेत, त्याच्यापुरताच किनारा राखून ठेवणे ही एक प्रकारची मिरासदारी नव्हे काय? रविवारी एकच सुटी असलेल्या लाकूडतोड्याने बायकामुलांना समुद्र कसा दाखवावा? आणि न्यायाधीशमहाराजांचे काय, त्यांच्या न्यायालयाला उन्हाळ्याची लांबलचक सुटी होतीच!

यातल्या पहिल्या मुद्द्याला अर्थशास्त्राने उत्तर दिले ते जवळजवळ दहा वर्षांनी. जॉन क्रुटिला हे अर्थशास्त्रज्ञ याच राज्यातल्या टॅकोमाचे. १९६७ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये त्यांनी एक लहानसा निबंध लिहिला. त्याचे सार मी विद्यार्थ्यांना असे सांगत असे: कारखान्यात होणाऱ्या मालाचा उत्पादनखर्च तंत्रज्ञानाने दरवर्षी उतरू शकतो, पण अस्पर्शित किनारा किंवा दरी तंत्रज्ञानाला निर्माण करता येत नाही. म्हणून काळ जाईल तसा एकाचा पुरवठा वाढत जाणार आणि दुसऱ्याचा, फार तर, आहे तेवढाच राहणार. रस्ता आज न बांधला तर उद्या बांधता येतो, बांधला तर मात्र रस्ता नसलेला किनारा पुन्हा करता येत नाही. ज्या निर्णयातून परत फिरता येत नाही त्याला साधा नफा-तोट्याचा ताळेबंद अपुरा पडतो. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जो माणूस तेथे कधीच जाणार नाही, त्यालाही तो किनारा आहे याचे मोल असू शकते, आणि बाजारात त्या मोलाची वसुली कोणीच करू शकत नाही. मुंबईच्या चाळीत बसून हिमालय आहे याचे समाधान मानणाऱ्या आपल्या लोकांना हे पटवून द्यावे लागत नाही.

दुसरा मुद्दा, म्हणजे जाणार कोण हा, क्रुटिला यांनी सुटत नाही. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन यांचा सामाईक मालमत्तेच्या शोकांतिकेवरचा गाजलेला लेख आला. तो सामान्यतः गायरानाच्या उदाहरणासाठी आठवला जातो. पण त्यात राष्ट्रीय उद्यानांचेही उदाहरण आहे. उद्याने मर्यादित आणि माणसे वाढती, तेव्हा काय करावे? हार्डिन पर्याय मांडतात: विकून टाका, किंवा सार्वजनिक ठेवा आणि प्रवेश वाटा; वाटणी पैशाने करा, पात्रतेने करा, सोडतीने करा, नाहीतर रांगेने करा. हार्डिन यांचे पुष्कळसे राजकारण मला अमान्य आहे, आणि गावाने नियम घालून राखलेली गायराने, पाणी, मासेमारी यांचा त्यांना विसर पडला, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी आयुष्यभराच्या कामाने दाखवून दिले. २००९ चे नोबेल त्यांना त्याचसाठी मिळाले. तरी ही यादी उपयोगी आहे. ओझेटच्या किनाऱ्यावर वाटणी रांगेने होते. रात्रीला माणशी आठ डॉलर आणि आरक्षणाचे सहा. २०२३ साली वॉशिंग्टन राज्यातले किमान वेतन तासाला १५ डॉलर ७४ सेंट होते. म्हणजे एका रात्रीचा मुक्काम अर्ध्या तासाच्या मजुरीत. ज्या देशात प्रत्येक गोष्ट लिलावाला निघते तेथे समुद्राची रात्र अर्ध्या तासाच्या मजुरीला मिळते, हे मला त्या देशातले सर्वांत अनपेक्षित दर्शन वाटले. हाच किनारा खाजगी असता, तर त्याच रात्रीचे शेकडो डॉलर झाले असते आणि ओहोटीचे वेळापत्रक विचारणाऱ्या बाईंऐवजी दारात पहारेकरी उभा असता.

मग दाम अर्ध्या तासाचे असूनही तेथे कष्टकरी मंडळी थोडी का? सामानाचा खर्च हे एक कारण खरे. तंबू आणि पथाऱ्या आम्हीही भाड्यानेच आणल्या होत्या. खरे कारण मात्र मला दुसऱ्या रात्री शेजारच्या तंबूत भेटले.

चाळिशीची एक बाई आणि तिचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. ती एका मोठ्या गोदामात माल बांधण्याच्या कामावर होती. संध्याकाळी तिच्याकडचा गॅस संपला, आमच्या शेगडीवर तिने पाणी तापवले आणि बोलणे सुरू झाले. मी सवयीने विचारले, रजा किती मिळते? ती हसली. आजारपणाची थोडी मिळते, म्हणाली. फिरायला जायची मिळत नाही. ती दोन दिवसांचा रोज बुडवून आली होती. तिसरी रात्र राहायचे मुलाच्या मनात होते, परवानाही तीन रात्रींचा काढलेला होता. पण पाळीचा तक्ता ऐन वेळी बदलला आणि सोमवारी पहाटेची पाळी आली. आठ डॉलर भरून घेतलेली तिची ती रात्र तशीच वाया जाणार होती. मुलगा रुसून ओंडक्यावर बसला होता.

अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात कामगाराला भरपगारी सुटीचा एकही दिवस देण्याची सक्ती नाही, ही माहिती मी पूर्वी परीक्षेच्या उत्तरात वाचली असती तर तिला पूर्ण गुण दिले असते आणि विसरून गेलो असतो. आता विसरता येत नाही. आणि एका तारखेचा योगायोग मला त्या रात्री झोपू देईना. उद्यानाच्या कायद्यावर रूझवेल्टची सही २९ जून १९३८ ची. त्याच्या अवघे चार दिवस आधी, २५ जूनला, त्यांनी अमेरिकन कामगाराच्या इतिहासातल्या एका मोठ्या कायद्यावर सही केली होती: किमान वेतन आणि कामाच्या तासांचा कायदा. आठवड्याला प्रथम चव्वेचाळीस तास, आणि १९४० पासून चाळीस. त्यावर काम घेतले तर जादा वेतन. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले, हा त्यातला मोठा कलंक. तरीही चार दिवसांच्या अंतराने एका लेखणीने कामगाराला मोकळा वेळ दिला आणि मोकळा किनारा दिला. दोन्हींचा सांधा जुळायला मध्ये एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे सलग भरपगारी रजा. आणि नेमकी तीच राहून गेली.

फ्रान्समध्ये तो सांधा दोन वर्षे आधीच जुळला होता. १९३६ च्या मे-जूनमध्ये कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडले आणि लेआँ ब्लूम यांच्या जनता आघाडीच्या सरकारने जूनमध्येच दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. क्रीडा आणि विरंगुळ्याचे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी त्या रजेसाठी रेल्वेची चाळीस टक्के सवलतीची तिकिटे काढली. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. धनिक वर्गातल्या कित्येकांना आपल्या किनाऱ्यावर ही टोपीवाली गर्दी पाहून किळस आली. हाताला काम आणि कामाला दाम इतकेच मागून थांबण्याची आपल्या चळवळीला सवय आहे. ब्लूम यांच्या सरकारच्या पुष्कळ गोष्टी पुढे कोसळल्या, पण फ्रेंच कामगाराची रजा टिकली आणि वाढत गेली. ओझेटला रस्त्याची गरज नव्हती, रजेची होती. मोटारीला पोहोचता येईल असे किनारे त्याच उद्यानात आहेतच: कलालॉकपाशी हमरस्ता समुद्रालगत जातो, आणि डग्लस यांची पदयात्रा जेथे संपली त्या रिआल्टोलाही डांबरी रस्ता आहे. म्हाताऱ्यांना, अपंगांना, लहान मुलांना समुद्र तेथे पाहता येतो. सगळाच किनारा मोटारीखाली घालावा ही मागणी रविवारच्या एका सुटीतून जन्मलेली होती. सुट्या वाढवण्याऐवजी रस्ते वाढवणे मालकाला नेहमीच स्वस्त पडते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा असा हिशेब घातला होता. असंघटितांच्या वाट्याला तोही आला नाही, आणि ज्यांना रजा मिळाली त्यांनी ती बहुधा लग्नकार्यात, शेतीच्या कामात किंवा पैशात रूपांतर करून संपवली. त्यांना दोष कोण देईल?

आता एका अशा गोष्टीकडे वळतो जिच्यामुळे वरचे सगळे विवेचन थोडे लंगडे पडते. १९६४ च्या अमेरिकन अरण्यकायद्यात अशा भूमीचे वर्णन करणारा एक दुर्मीळ शब्द आहे: ‘अनट्रॅमल्ड’. कायद्याचा मसुदा करणारे हॉवर्ड झाह्नायझर यांनी तो पॉली डायर यांच्याकडून उचलला, आणि डायर यांनी तो याच किनाऱ्याचे वर्णन करताना वापरला होता. ट्रॅमल म्हणजे घोड्याचा पायबंद. तसेच मासे धरण्याचे एक प्रकारचे जाळेही. न जखडलेला, जाळ्यात न सापडलेला, असा त्याचा अर्थ. शब्द सुंदर आहे. अडचण इतकीच की, ज्या वाळूवरून तो उचलला तेथे मकाह लोक कित्येक शतके मासे धरीत आणि देवमाशाची शिकार करीत राहत होते. केप अलाव्हाला ओझेट नावाचे त्यांचे भरले गाव होते. काही शतकांपूर्वी दरड कोसळून त्यातली घरे चिखलाखाली जशीच्या तशी गाडली गेली. १९७० च्या हिवाळ्यातल्या वादळाने किनारा खचला आणि ती उघडी पडू लागली. मकाहांच्या विनंतीवरून रिचर्ड डॉहर्टी यांनी १९८१ पर्यंत तेथे उत्खनन केले. पन्नास हजारांहून अधिक वस्तू निघाल्या: टोपल्या, पेट्या, भाले, आणि देवदाराच्या लाकडात कोरलेला देवमाशाचा पर, ज्यात सी-ऑटरचे सातशेच्या वर दात जडवले आहेत. या वस्तू दूरच्या राजधानीत गेल्या नाहीत. मकाहांनी १९७९ साली निआ बे येथे आपले स्वतःचे संग्रहालय उघडले. त्या तेथे आहेत आणि त्यांच्याविषयी सांगणारी माणसेही मकाहच आहेत.

पण दरडीने गाव संपले नव्हते. त्यानंतरही तेथे वस्ती होती. ती उठली विसाव्या शतकाच्या आरंभी, कारण सरकारने मुले शाळेत घालण्याची सक्ती केली आणि शाळा निआ बे येथे होती. म्हणजे आम्ही ज्या निर्जनतेचा आस्वाद घेत होतो, ती निसर्गाने नव्हे तर शिक्षणखात्याने निर्माण केली होती! सी-ऑटरचेही तसेच. कातडीच्या व्यापाराने तो प्राणी या किनाऱ्यावरून १९१० च्या सुमारास नाहीसा झाला. १९६९ आणि १९७० मध्ये अलास्कातल्या आम्चिट्का बेटावरून ५९ जनावरे आणून सोडली गेली. त्या बेटावर अणुचाचण्या व्हावयाच्या होत्या. आज लाटांत उताणे पोहणारा जो प्राणी ‘वन्य’ म्हणून पर्यटक दुर्बिणीतून पाहतात, तो व्यापाराचा संपवलेला आणि सरकारी विमानाने परत आलेला आहे.

रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली लिहिलेल्या एका निबंधात अमेरिकन अरण्यप्रेमाची नेमकी हीच उणीव दाखवली: माणसे वगळून निसर्ग राखण्याची ही कल्पना भारतासारख्या देशात आणली की गरिबांना जंगलाबाहेर काढण्याचे ते हत्यार होते. मेळघाटातल्या कोरकू गावांच्या स्थलांतराचा प्रश्न ज्या साथींनी जवळून पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. मात्र गुहा यांच्या टीकेतून किनारा विकासकाला मोकळा करून द्यावा असा अर्थ काढणारे शहाणेही मी पाहिले आहेत. त्यांना मकाह लोकांचे उदाहरण दाखवावे. १८५५ च्या तहाने मकाहांनी मासेमारीचा आणि देवमाशाच्या शिकारीचाही हक्क राखून ठेवला. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने वॉशिंग्टन राज्यातल्या तहबद्ध जमातींना पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांचा वाटा मिळाला. शी शी नावाच्या, १९७६ साली उद्यानात आलेल्या देखण्या किनाऱ्याकडे जाणारी वाट मकाहांच्या जमिनीवरून सुरू होते, आणि तेथे उद्यानाच्या परवान्याखेरीज मकाहांचाही परवाना घ्यावा लागतो. ज्यांची भूमी त्यांना मोबदला द्यावा, यात मला तर काहीच वावगे दिसत नाही.

परतीच्या रस्त्यावर उद्यानाची हद्द संपताच दोन्ही बाजूंना लाकूड कंपन्यांचे डोंगर लागले. एकेका तुकड्यात बुंध्यापासून सफाचट. ज्या पट्ट्यात आम्ही तीन दिवस राहिलो तो पुष्कळ ठिकाणी जेमतेम एक-दोन मैल रुंद आहे, हे तेव्हा ध्यानात येते. एका अर्थी तो पडदा आहे.

घरी परतल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले की, मग आपल्या रेवस-रेडी सागरी महामार्गाला तुमचा विरोध का? मी म्हटले, नाही, सरसकट नाही. ओझेटचा किनारा सक्तीने का होईना निर्जन झालेला आहे. कोकणचा किनारा भरला आहे. आडबंदरातल्या बाळंतिणीला खाडी ओलांडून दवाखान्यात न्यावयाचे असते, सकाळची मासळी बाजारात जावयाची असते. पूल हवेत. विरोध आहे तो रस्त्याच्या पाठोपाठ सरकणाऱ्या कुंपणाला. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचे बांधकाममुक्त अंतर २०० मीटरवरून ५० मीटरवर आणले. ज्या वाळूवर गावाच्या होड्या ओढल्या जातात, जाळी वाळतात आणि ज्येष्ठ-आषाढात कोणी फिरकत नाही, ती वाळू एकदा रिसॉर्टच्या हिरवळीमागे गेली की कोळणीला आपल्याच दर्यावर जाण्यासाठी पहारेकऱ्याला विचारावे लागते. हे मी गेल्या काही वर्षांत दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि ओझेटही सुरक्षित आहे असे समजू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतील सुमारे एक हजार परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी पाठवण्यात आले. पुढे न्यायालयांच्या आदेशांमुळे काहींना परत बोलावावे लागले. मुलीने बातमीचे कात्रण पाठवले, तेव्हा खिडकीपलीकडच्या त्या बाईंची मला आठवण झाली. त्या नव्या होत्या की जुन्या, हे विचारायचे राहून गेले.

शेजारच्या तंबूतल्या मायलेकरांनी तिसऱ्या दिवशी पहाटे, ओहोटी लागण्याची वाट न पाहता, जंगलातल्या वाटेने सामान उचलले. मुलाने उरलेली सुकी लाकडे आमच्या तंबूपाशी आणून ठेवली होती आणि त्यांवर एका रात्रीची न वापरलेली परवान्याची चिठ्ठी दगडाखाली दाबून ठेवली होती. नियमाप्रमाणे ती आम्हाला वापरता येत नाही, असे जावयाने सांगितले. ती माझ्या पाकिटात अजून आहे.